हळदीच्या जागेवरची फरशी

१४ एप्रिल

आलो एकदाचे! नेरूळचं भाड्याचं घर सोडताना मी रडेन अशी नवऱ्याची, परेशची, खात्री होती. प्रत्यक्षात टेम्पोत कपाट चढवताना त्याचं बोट चेमटलं आणि तोच रडकुंडीला आला. उरणच्या अलीकडे मोठा रस्ता सोडला की कंटेनरच्या रांगा मागे पडतात, मग मिठागरं, मग खाडीचा वास आणि मग आमचं घर. आमचं म्हणायला आजपासून सुरुवात केली आहे. सणासुदीला येऊन राहणं वेगळं आणि आपले कपडे इथल्या कपाटात लावणं वेगळं.

घर म्हणजे पोपटी रंगाचा दुमजली बंगला, दारात ट्रेलर. सासरे, म्हणजे बाबा, तरुणपणी मिठागरात राबले, आता त्यांच्या गाड्या बंदरावर चालतात. सासूबाई ठमाबाई, त्यांना मी आई म्हणते, दिवसभर कोणावर तरी ओरडत असतात आणि ओरडता ओरडता ताटात भाकरी वाढत असतात. नणंद दिपाली पनवेलच्या लॅबमध्ये रक्त तपासते. मी उंबरा ओलांडला तशी तिने माझी बॅग हिसकावून घेतली आणि आता आईची बोलणी खायला वैनी आली, माझी सुटका झाली, असं जाहीर करून टाकलं. या घरात मला सगळ्यात जवळचं कोणी असेल तर ती.

तिचं लग्न १८ मेला आहे. त्याआधी घराची फरशी बदलायची. सध्या प्रत्येक खोलीत वेगळा रंग आहे, बाबांनी जशी मिळाली तशी बसवलेली. आणि हॉलच्या मधोमध तर हातभर चौकोन चक्क मातीचा! वर टीपॉय ठेवलाय म्हणून दिसत नाही. ती हळदीची जागा. या घरात लग्नाची पहिली हळद नवरीला नाही, जमिनीला लावतात. जुनं घर पाडलं तेव्हा ती जमीन तशीच ठेवून बंगला भोवती बांधला म्हणे. मी मान डोलावली. मनात म्हटलं, टीपॉय बरा आहे.

१७ एप्रिल

फरशीचं खातं माझ्याकडे आलं आहे. आज मी, दिपाली आणि आई पनवेलला विपुलभाईंच्या दुकानात गेलो. हा माणूस फरशी विकत नाही, स्थळं दाखवतो. एकेक नमुना काढून, बेन, आ जुओ, हिचा चेहरा बघा, हिची अंगकांती बघा. मीही इंटरनेटवर वाचून तयारीनिशी गेले होते. दोन फरश्या तोंडाला तोंड लावून उभ्या धरल्या, कडेने फट दिसते का पाहिलं. मागच्या बाजूला पाण्याचा थेंब टाकून किती शोषतो ते पाहिलं. सगळी खोकी एकाच लॉटची हवीत, नाहीतर रंगात फरक पडतो, हे बजावलं. विपुलभाई जरा वरमले.

आईंना खरखरीत हवी होती, पाय घसरायला नको. दिपालीने ऐकलं नाही. हळदीचे फोटो हॉलमध्ये निघणार, फरशी आरशासारखी हवी. शेवटी पांढरी, बारीक राखाडी शिरांची, एकदम चकचकीत ठरली. बाथरूमला खरखरीत, म्हणजे आईही खूष. नमुना बाहेर उन्हात नेला तर त्यात माझा चेहरा दिसला, नाकावरच्या घामासकट.

२३ एप्रिल

मिस्त्री काळूराम कामाला लागला. बडबड्या, गाणारा, स्वतःच्या कामावर बेहद्द खूष. फरशी बसवली की काठीच्या टोकाने ठोकून बघतो. पोकळ आवाज आला तर उचलून पुन्हा माल भरतो. दिवसभर घरात ठकठक.

आज मातीच्या चौकोनावरून घरात चांगलंच वाजलं. बाबा म्हणाले ती जागा उघडीच राहील, विषय संपला. दिपाली म्हणाली पांढऱ्याशुभ्र हॉलच्या मधोमध ठिगळ कसं दिसेल! मी आणि परेश तिच्या बाजूने. शेवटी आईंनी तोडगा काढला. त्या चौकोनावर फरशी बसवायची, पण सिमेंट न लावता, नुसती वाळूवर. हळदीच्या वेळी उचलायची, मग पुन्हा ठेवायची. सगळ्यांचं समाधान झालं. काळूरामला तीनतीनदा समजावलं आहे.

३० एप्रिल

हॉल झाला. काय सुंदर झालाय! सांधे शोधूनही सापडत नाहीत. दुपारी दार उघडलं की ऊन आत येतं आणि पंखा, खिडक्या, माळ्यावरची भांडी सगळं खाली उलटं दिसतं. चालताना आपणही खाली उलटे चालतो, तळव्याला तळवा लावून. पहिल्या दिवशी बाबा भिंतीला धरून चालले, पाण्यावर पाय ठेवल्यासारखं वाटतंय म्हणाले. आम्ही फार हसलो. दिपालीने फरशीवर बसूनच जेवण केलं.

८ मे

आज हळद कुटायचा मुहूर्त होता. इकडच्या लग्नात धवलारीण बोलावतात. ही म्हातारी बाई लग्नाची जुनी गाणी, धवले, गाते आणि गाण्यातूनच विधी करते. आमच्याकडे आवडाबाई आल्या. उखळ-मुसळ मांडलं, बायका जमल्या, आणि आवडाबाईंनी एकेक नाव घेऊन आवतण द्यायला सुरुवात केली. आधी देवांना, मग या घरात नांदून गेलेल्या बायकांना. परेशची आजी, तिची सासू, तिच्या आधीच्या. या, लेकीच्या हळदीला या. ऐकताना माझ्या अंगावर काटा आला, पण चांगल्या अर्थाने.

आवतण संपलं आणि मग परेश फरशी उचलायला गेला. हालेना. काळूरामला फोन लावला तर तो हरिहरेश्वरला एका रिसॉर्टच्या कामावर. फुशारकीने म्हणाला, सुटी ठेवली असती तर लग्नाच्या गर्दीत फुटली असती, नाव माझं खराब झालं असतं, म्हणून मी पक्की चिकटवून टाकली. तोडल्याशिवाय निघणार नाही. आम्हीही एवढे शहाणे, की आधी उचलून बघायचं कोणालाच सुचलं नाही. आजवर ती जागा उघडीच असायची, त्यामुळे आधी उघडा आणि मग बोलवा, असा नेमच कधी करावा लागला नव्हता.

मुहूर्ताच्या दिवशी घरात हातोडा नको, असं बाबा म्हणाले. आई म्हणाल्या, फरशी काय आणि जमीन काय, वरच लावा. हळद फरशीवर लावली. डाग पडेल म्हणून मी ती लगेच ओल्या फडक्याने पुसून घेतली. आवडाबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग आईंना एवढंच म्हणाल्या, “बोलावलंय त्यांना. आल्यात. जागा नाय दिली त उब्याच ऱ्हातील.” जेवल्या नाहीत, तशाच गेल्या.

९ मे

सकाळी पुसताना हॉलमध्ये पिवळी पावलं दिसली. बायकी, अनवाणी. मला वाटलं कालच्या गडबडीत कोणाच्या तरी पायाला हळद लागली असेल. साबणाने घासली, मग व्हिनेगर, मग काळूरामने ठेवून दिलेलं अॅसिड. जाईनात. शेवटी गाल जमिनीला टेकवून कडेने बघितलं. वरचा पृष्ठभाग स्वच्छ आहे. बोट फिरवलं तर गुळगुळीत.

पावलं खालच्या बाजूने आहेत.

परेश म्हणतो लॉट खराब निघाला, आतून डाग उमटलाय, विपुलभाईंना फोटो पाठव. मी पाठवले. त्यांनी उत्तर दिलं की डाग दिसत नाही, पण बेन, फोटोत एवढ्या बायका आहेत, लग्न आहे वाटतं?

फोटो काढताना मी एकटी होते.

१० मे

फोटोत मला काहीच दिसत नाही. फरशी दिसते आणि माझी सावली. पण आज भर दुपारी, दारातून ऊन आत आलेलं असताना, मी हॉलमध्ये उभी राहिले आणि खाली बघितलं. माझ्या तळव्यांखाली माझे तळवे. ठीक. बाजूला आणखी एक जोडी. तिच्या बाजूला आणखी. वर कोणी नाही. खाली रांगेने बायका, गुडघ्यापर्यंत कसलेली जुनी लुगडी, पाय फरशीला टेकवून, डोकी खाली खोल. चेहरे कळत नाहीत. त्या हलत नाहीत. लग्नाला आल्यावर बायका जागा मिळेपर्यंत भिंतीकडेला उभ्या राहतात, तशा उभ्या आहेत.

मी ओरडले. परेश आला, त्याने पाहिलं, त्याला पंखा दिसला आणि छत दिसलं. उन्हाची तिरीप आहे म्हणाला. मला खूप भीती वाटते आहे आणि ती मी लपवणार नाही. आईंना सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी पाय वर घेतले आणि खुर्चीत मांडी घालून बसल्या. त्यांनाही दिसलंय.

११ मे

दिपालीच्या तळव्यांना हळद. अजून तिला हळद लागलीच नाही! तिने स्वतः घासून पाहिली, लॅबमधलं स्पिरिट लावून पाहिलं. हसत होती. म्हणाली हॉलमधून चालताना तळव्यांना गार लागतं, कोणीतरी खालून नेमका पायाला पाय लावतं आहे असं वाटतं, आणि बरं वाटतं. बरं वाटतं, म्हणाली! मी तिला पलंगावर बसवून बजावलं की हॉलमध्ये जायचं नाही. ती हो म्हणाली. पण तिची नजर माझ्या खांद्यावरून दाराकडे होती.

१२ मे

बाबांनी आज स्वतः हातोडा घेतला आणि तो चौकोन फोडला. खाली माती असायला हवी होती. माती आहे, पण ओली, गुळगुळीत आणि चकाकणारी. वाकलेल्या बाबांचा चेहरा तिच्यात दिसत होता. आईंनी वाटीभर हळद ओतली. ती मातीत मुरली नाही, पाण्यात खडा टाकावा तशी आत गेली.

आवडाबाईंना बोलावून आणलं. त्या उंबऱ्यावरच थांबल्या, आत पाय ठेवला नाही. त्यांनी सांगितलं ते लिहिते आहे. आवतण दिलेल्याला पहिली हळद मिळाली की तो आशीर्वाद देऊन फिरतो. मिळाली नाही, वर पुसून टाकली, आणि तिष्ठत ठेवलं, की मग त्याला हळद नको असते. जिच्या हळदीला बोलावलं ती हवी असते. परत पाठवायचा धवला नाही का, मी विचारलं. नाही. आजवर कोणाला परत पाठवायची वेळ आली नव्हती. एकीला खाली घेतलं तर तिची जागा भरायला एक वर येईल, असंही म्हणाल्या. मी त्यांचे पाय धरले. त्यांनी मला उठवलं आणि कुजबुजल्या, “पोरीला उचलून न्ह्या. चालवू नका.”

१३ मे

मी गाडी काढायला सांगितली. अलिबागला माझी मैत्रीण सुचिता राहते, तिच्याकडे दिपालीला ठेवू, लग्न तिकडच्या देवळात लावू, नाहीतर मोडू. परेश तयार झाला. बाबाही. आई नाही. मुहूर्त लागल्यावर नवरीला “गावाभायेर न्हेत न्हाय”, रस्त्यात काहीही मागे लागतं. मी त्यांना वाटेल ते बोलले. काहीही मागे लागतं म्हणजे काय, घरात जे आहे ते काय आहे? आई रडल्या. त्यांचीही लेकच आहे. पण गाडी निघाली नाही.

सगळ्या घरात सतरंज्या, गोधड्या, मांडववाल्याच्या चटया अंथरल्या आहेत. कुठेही चकाकी दिसता कामा नये.

१४ मे

गोधड्यांवर पिवळे डाग येत आहेत. खालून वर.

दिपालीला पलंगावरून उतरू देत नाही. परेश तिला उचलून नेतो, आणतो. तिला हे सगळं गमतीचं वाटतं. मघाशी तिने विचारलं, वैनी, त्यांना बसायला का देत नाही गं, पाय दुखत असतील.

१५ मे

मी अंघोळीला गेले तेवढ्यात. आई चुलीपाशी होत्या, परेश मांडवात —

हॉलमधली सतरंजी गुंडाळून बाजूला ठेवलेली, नीट, तिची ती सवयच. दिपाली मधोमध उभी. दुपारचं ऊन. पाय उचलत नव्हते. मी, परेश, बाबा, सगळ्यांनी ओढलं, ती हसत होती, मग हसायची थांबली आणि म्हणाली, वैनी, दुखतंय, सोडू नको हां. मी सोडलं नाही. मी शपथेवर लिहिते, मी सोडलं नाही.

मग एकदम सुटली. इतकी एकदम की आम्ही सगळे मागे पडलो. तिला उचलून बाहेर अंगणात मातीवर आणलं. श्वास चालू आहे. डोळे उघडे. आई देवाला हात जोडत सुटल्या. वाचली, वाचली —

मी तिचे तळवे पुसायला घेतले. पाय बर्फासारखे. तळव्यांवर एकही रेघ नाही. फरशीसारखे गुळगुळीत.

१६ मे

ती बोलत नाही. जेवते, भरपूर. मला “सूनबाई” म्हणाली. दिपालीने मला कधी वैनीशिवाय हाक मारली नाही. फोन हातात दिला तर उलटसुलट करून बघत बसली. परेश म्हणतो धक्का बसलाय. आई तिच्या केसांना तेल लावतात आणि तिच्या चेहऱ्याकडे बघत नाहीत. आईंना माहीत आहे.

संध्याकाळी ती गायला लागली. धवले. सगळे, सलग, आवडाबाईंनाही येत नसतील असे. दिपालीला एक ओळ येत नव्हती.

मी हॉलमध्ये गेले. गोधडी बाजूला केली.

दिपाली खाली आहे. त्यांच्या मधोमध. माझ्या तळव्यांना तळवे लावून. मी सरकले की ती सरकते. तोंड उघडते आहे, आवाज येत नाही. पण पायाने ठोकते आहे. फरशी पोकळ वाजते आहे, सगळी, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत —

१७ मे

आज हळद. मांडवात वाजंत्री. त्या बाईला पाटावर बसवलंय आणि सगळं गाव तिला हळद लावतं आहे. उद्या तिला सासरी पाठवतील. मग दिपालीची जागा कायमची —

सगळ्यांना सांगितलं. परेशने माझे खांदे धरले आणि म्हणाला झोप काढ. आई फक्त रडत राहिल्या. बरोबर कोणी येणार नाही.

मी आवतण देणार आहे. त्यांना नावाने बोलावलं तेव्हा त्या आल्या. दिपालीला नावाने बोलावलं तर तीही येईल. यायलाच हवी. चाल मला येत नाही, नुसतं म्हणेन. फुटलेल्या चौकोनाशी खुर्ची घेऊन बसले आहे. पाय खाली आहेत, वर घेतले तर ती दिसत नाही. वही मांडीवर. कोणी नंतर वाचलं तर मांडवातल्या तिला जाऊ देऊ नका. ती आमची नाही.

म्हटलं. दिपाली हिरामण घरत, ये. हळद लागायची आहे, वर ये.

काही नाही.

पुन्हा म्हटलं.

माती हलली. बोटं. तिची नेलपॉलिश, लाल, तिचीच — हात धरला. गार आहे पण तिचाच आहे. ओढते आहे —

आली! कमरेपर्यंत आली. खोकते आहे. वैनी म्हणाली. वैनी म्हणाली!

पूर्ण बाहेर आली. तिला म्हटलं पळ, अंगणात पळ, आईला दिसू दे. ती जात नाहीये. माझ्या पायांकडे बघते आहे. मी उठायला गेले तर —

पाय उचलत नाहीत.

ती ओढते आहे, रडते आहे, मी म्हणते जा गं, माझं नंतर बघू, आधी तू मातीवर जा — ऐकत नाही, वेडी — खाली सगळ्यांनी माना वर केल्या आहेत, आता चेहरे दिसतात, हसऱ्या आहेत, प्रेमाने बघताहेत, आणि सगळ्यात पुढची गाते आहे, मला शब्द ऐकू येतात, ती माझं नाव घेते आहे, माहेरचं, वडलांच्या नावासकट, ये म्हणते आहे, लेकीच्या हळदीला ये, मृणाल —